बॅगेत भरलेलं घर

लॅपटॉप नंतर. चार्जर, हेडफोन, लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं नंतर. बॅगेत मी सगळ्यात आधी भरला तो आमच्या हॉलचा पडदा.

मरून रंगाचा, सोनेरी कोयऱ्यांचा. त्याच्या घडीवर भिंतीवरचं कॅलेंडर, खिळ्यासकट. मग कपडे वाळत घालायचे चिमटे, सुतळी, आणि मूठभर सेफ्टी पिना. आमचे हे सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. पेपराच्या वरून त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

"अगं, पडदा ड्रायक्लीनला नेतेयस का?"

"हो. काशीदला."

"आणि कॅलेंडर?"

"त्यालाही जरा हवापालट."

पेपर पुन्हा वर गेला. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली आहे. माझ्या दुसऱ्या उत्तरानंतर तिसरा प्रश्न विचारायचा नाही.

तुम्हाला मात्र सांगते. मी एका विमा कंपनीत नव्या मुलांना शिकवते. फोनवर कसं बोलायचं, हा माझा विषय. समोरचा माणूस अपघात होऊन, गाडी ठोकून, घाबरून, चिडून ओरडत असतो, तेव्हा आपला आवाज स्थिर कसा ठेवायचा, हे मी शिकवते. ज्या बाईला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, तिने जगाला स्थिर राहायला शिकवावं, हा विनोद आमच्या घरात फार जुना आहे. शाळेत बाईंनी मला मॉनिटर केलं ते हुशार म्हणून नाही, निदान वर्गात उभं तरी राहता येईल म्हणून. लग्नात सप्तपदीची सात पावलं संपली तेव्हा मी आठवं टाकलं होतं. भटजींनी पदर धरून मागे ओढलं.

साथीच्या वर्षांत ऑफिस घरी आलं आणि माझं नशीब उघडलं. मी पोहे परतता परतता शिकवलं, गच्चीत चालता चालता शिकवलं. मग एक दिवस वरून हुकूम आला: सगळ्यांनी परत या. काचेच्या इमारतीत, अर्ध्या भिंतीच्या खुराड्यात, चाकाच्या खुर्चीत. खुर्चीला चाकं असून ती कुठे जात नाही, याचा मला कायम राग आला आहे.

एक पळवाट होती. ज्यांचं काम घरून सुरळीत चालतं हे सिद्ध होईल, त्यांना घरून काम करण्याची कायमची मुभा. माझी परीक्षा गुरुवारी अकरा वाजता. मी नव्या तुकडीला तासभर शिकवायचं आणि आमचे साहेब, वयाने माझ्या भाच्याएवढे, स्वतः हजर राहून बघणार. पार पडलं तर मोकळी. मध्येच बंद पडलं, अडखळलं, तर सोमवारपासून खुराडं.

"मग या आठवड्यात तरी घरी शांत बस," हे म्हणाले.

इथे त्यांचं चुकलं. मला बस म्हटलं की पाय उठतात. शिवाय साहेबांचं पत्र मी नीट वाचलं होतं. त्यात 'घरून' असं लिहिलं होतं. कुठल्या, ते नव्हतं. आणि घर म्हणजे तरी काय? कॅमेऱ्याला दिसतं तेवढं. माझ्या मागे गेली कित्येक वर्षं लोकांनी जे घर पाहिलं ते म्हणजे हा पडदा आणि हे कॅलेंडर. बाकीचा तीन खोल्यांचा फ्लॅट कोणी बघितलाय? तेव्हा घर घेतलं बॅगेत आणि निघाले.

काशीदची खोली छान होती, पण समुद्रापेक्षा माणसं जास्त गाजत होती. सकाळी सहापासून बाहेर एक घोडेवाला, एक शहाळेवाला आणि लाटांवर उड्या मारणाऱ्या रबरी केळ्याचा मालक एकमेकांवर आवाज चढवायचे. माझ्या सोमवारच्या मीटिंगमध्ये एकाने विचारलं, "मॅडम, तुमच्या सोसायटीत घोडा आहे?" मी म्हटलं, "वरच्या मजल्यावरच्यांचा मुलगा. फार द्वाड आहे." पण गुरुवारी असली उत्तरं चालणार नव्हती. म्हणून मंगळवारी बॅग उचलली आणि रेवदंड्याला फोन लावला. एका मैत्रिणीने तिथल्या एका घराचा नंबर दिला होता. नवरा-बायको खाली राहतात, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात.

फोन बाईंनी उचलला. मी एकेक विचारत गेले.

"वहिनी, शांतता आहे ना?"

"हाय की. म्हावरं विकायला आमीच भायेर जातो, घरात वरडनार कोन?"

"रेंज येते?"

"गच्चीत येते. खाडीवर तर फुल."

"लाईट जाते का हो?"

"न्हाय. जात न्हाय."

"आणि समजा गेलीच, तर बॅटरी आहे?"

"हाय ना! दोन हायत."

माझा लॅपटॉप म्हातारा. वायर काढली की पाव तासात मान टाकतो. दोन-दोन इन्व्हर्टर असलेलं घर मिळालं म्हणून मी इतकी खूष झाले की काशीदच्या घोड्यालाही टाटा केला.

रेवदंड्याची ती खोली मी नजरेने मोजून घेतली आणि मावळतीच्या भिंतीवर घर उभं केलं. सुतळी बांधली, पडदा लावला, कॅलेंडर टांगलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. माझ्याच वयाच्या, पण हातातल्या कोयत्याने नारळ असा सोलायच्या की आपण केळं सोलतो तसं वाटावं.

"ताई, आमच्या भिंतीला काय झालंय?"

"काही नाही हो. ऑफिसच्या लोकांना वाटायला हवं की मी माझ्या घरात आहे."

"आन् घरच्यांना?"

"त्यांना माहीत आहे की मी घरात नाही."

त्यांनी कोयता खाली केला. "म्हंजे घरच्यांना खरं सांगायचं आन् हाफिसाला खोटं. आमच्या गावात उलटं करतात." आणि हसत हसत खाली गेल्या. संध्याकाळी त्यांनी परसात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला. पाल्याचा वास माझ्या पडद्याला लागला तो लागलाच.

बुधवारचा दिवस मी गच्चीत फेऱ्या मारत काढला. कामाची भीती नव्हती. शिकवणं मला झोपेतही येतं. भीती त्या खुर्चीची होती. दर तासाला खाली जाऊन लाईट आहे ना बघत होते. होती. जात नव्हती. वहिनी शब्दाला पक्क्या.

गुरुवारी नऊ वाजता पंखा थांबला.

मी जिन्यावरून जवळजवळ घरंगळत खाली आले. "वहिनी! लाईट गेली!"

त्या सुकटीतून कचरा निवडत होत्या. मानही वर केली नाही. "गेली न्हाय. आज गुरुवार न्हाय का? गुरुवारी नसते."

"म्हणजे?"

"लाइनीचं काम करतात. सांच्यापर्यंत नसते."

"अहो, मी फोनवर विचारलं होतं, लाईट जाते का!"

"जात न्हायच. गेली म्हंजे येते कवा, पत्ता नसतो. ही नसते. नसते ती पाचाला येते." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. "बॅटरी देऊ?"

"द्या, द्या! दोन्ही द्या!"

त्या आत गेल्या आणि दोन बॅटऱ्या घेऊन आल्या. एक लांब, स्टीलची, तीन सेलची. दुसरी लहान, निळी. लहानीचं बटण दाबून त्यांनी माझ्या चेहऱ्यावर प्रकाशही पाडून दाखवला. "ही बगा, चांगला उजेड देते."

दोष कुणाला देऊ? आमच्या आईच्या घरीही विजेरीला कोणी विजेरी म्हटलं नाही. बॅटरी आण, परसात साप आहे, असंच म्हणायचे. मीच शहरात जाऊन त्या शब्दाचा अर्थ बदलून घेतला आणि वहिनींना कळवायची विसरले. भर सकाळी, कोकणच्या उन्हात, हातात दोन टॉर्च घेऊन मी उभी. माझी नोकरी, माझे पाय, माझं उरलेलं आयुष्य त्या पाव तासाच्या लॅपटॉपवर.

"ताई, रडता काय?"

"रडत नाहीये. वहिनी, इन्व्हर्टर कुणाकडे आहे? मोठी बॅटरी! वायर लावायची!"

"आस्सं. मोटी." त्यांनी खालच्या आवाजात नाही, पूर्ण आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली. "ओ भावजी! तुमच्या होडीवरची बॅटरी भरलीय का?"

दीर बाहेर आले. मासेमारीच्या बोटीचे मालक, म्हणून सगळे त्यांना नाखवा म्हणत. बोटीच्या इंजिनाचा काही भाग दुरुस्तीला अलिबागला गेला होता, त्यामुळे आठवडाभर बोट खाडीत उभी आणि नाखवा ओट्यावर आडवे. माझं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं.

"बॅटरी फुल हाय. तिच्यावर ह्यो लहान इन्वल्टरबी हाय, पोरं मोबाईल चार्ज करतात. रेंज म्हनाल तर खाडीत दुबईला फोन लागंल. किती वेळ लागनार?"

"अकरा ते बारा."

"बारापर्यंत पानी हाय," नाखवा म्हणाले. "मग ती बसंल."

'बसंल' या शब्दाकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मला बसणं म्हटलं की ऐकूच येत नाही.

लहान होडीतून मी, नाखवा आणि माझं घर बोटीवर पोचलो. केबिन म्हणजे लाकडी खोकं, दोन माणसांना पुरेल एवढं. डिझेल, जाळी आणि कालच्या-परवाच्या बोंबलांचा वास. मागच्या फळीवर मी पडदा ताणला. वरच्या आडव्या फळीला खिळा होताच, त्याला कॅलेंडर लटकवलं. समोरच्या फळीवर लॅपटॉप ठेवला आणि तो घसरू नये म्हणून नाखव्यांनी तो जाळ्याच्या दोरीने बांधून टाकला. अशी गाठ मारली की लग्नात कुणी मारली नसेल. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली ह्यांची जुनी बर्म्युडा. अकराला माझा चेहरा स्क्रीनवर उमटला, आणि मागे मरून रंगाचं, कोयरीचं, ओळखीचं घर.

"गुड मॉर्निंग मॅडम," साहेब म्हणाले. "घरीच ना?"

"घरूनच," मी म्हटलं. प्रत्यय जपून वापरावेत.

काय सांगू, त्या दिवशी मी रंगले! चिडलेला ट्रकवाला झाले, रडणारी सासू झाले, स्कूटर विहिरीत घालणारे मास्तर झाले. मुलं हसत होती, प्रश्न विचारत होती. साहेब आपल्या चौकोनात हनुवटीखाली हात घेऊन बसले होते. नाखवा दारात बसून ऐकत होते आणि मास्तरांच्या विहिरीला त्यांनी तोंडात पंचा कोंबून हसू दाबलं. बारा कधी वाजले कळलं नाही. तास संपला होता. तिथे मी थांबायला हवं होतं. पण एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अजून एक गोष्ट सांगा ना."

मला अजून एक गोष्ट सांग म्हणणं म्हणजे उताराला चेंडू देणं.

गोष्ट निम्म्यावर आली आणि मला वाटलं, आपण जरा डावीकडे घरंगळतोय. सरळ बसले. पुन्हा घरंगळले. नाखव्यांनी दारातून हाताने खूण केली, तळवा आडवा धरून हळूच तिरका केला. बोट बसत होती. खालचं पाणी निघून चाललं होतं आणि ती बया एका कुशीवर निजायला लागली होती.

मी स्क्रीनवर स्वतःकडे पाहिलं आणि गार पडले. लॅपटॉप बोटीला बांधलेला, कॅमेरा बोटीबरोबर कललेला. त्यामुळे चित्रात भिंत ताठ, पडदा वर ताणलेला ताठ, सगळं घर शहाण्यासारखं उभं. आणि कॅलेंडर? ते बिचारं जमिनीशी इमान राखून लोंबत होतं. चित्रात ते भिंत सोडून तिरकं निघालं होतं, हळूहळू, जसं कुणी अदृश्य माणूस त्याला शेपटीने ओढतोय. आणि मीही पडू नये म्हणून त्याच कोनात तिरकी. मी आणि कॅलेंडर, दोघंच जगात सरळ. पण बघणाऱ्यांना दोघंच वाकडी.

"मॅडम," एक मुलगा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "तुमचं कॅलेंडर चालतंय."

मी काय शिकवत होते? आवाज स्थिर ठेवणं. "मुलांनो," मी अत्यंत शांत आवाजात म्हटलं, "समजा फोन करणाऱ्याचं घर पडतंय. तेव्हा तुम्ही काय कराल?"

"आम्ही ओरडणार नाही, मॅडम!" सगळे एकसुरात ओरडले.

"बरोबर. आधी काय विचाराल?"

"तुम्ही सुरक्षित आहात का?"

"मी सुरक्षित आहे. धन्यवाद. आजचा तास संपला." आणि मी बटण दाबलं. साहेबांचा चौकोन शेवटी दिसला तेव्हा त्यांची मानही माझ्याच बाजूला कललेली होती.

मग खरी शिक्षा सुरू झाली. साहेबांचा निरोप आला: 'संध्याकाळी फोन करतो.' एवढंच. आणि बोटीभोवती पाणी नव्हतं. काळा, चकाकता, गुडघाभर चिखल. मी एक पाय घालून बघितला. पाय परत आला, चप्पल नाही आली.

"कशाला घाई करता," नाखवा म्हणाले. "पानी येतंय सांच्याला. बसा की."

बसा! तिरक्या फळीवर, एका चपलेत, समोर भरती येईपर्यंतचा वेळ. चालायला जागा नाही. उभी राहिले की घसरायची. नाखवा डोक्याखाली हात घेऊन झोपले, उताराला डोकं करून, जणू आईच्या मांडीवर. मी मनातल्या मनात फेऱ्या मारल्या. खुराड्यात गेले, खुर्चीत बसले, चाकं फिरवली, परत आले. साहेब काय म्हणतील याचे सतरा संवाद रचले. प्रत्येकात मी शेवटी सोमवारी डबा घेऊन लिफ्टमध्ये उभी.

फोन वाजला. मी इतक्या वेगाने झडप घातली की नाखवा दचकून उठले.

"अगं," हे म्हणाले, "दूधवाला आलाय. या महिन्याचे खाडे कुठे लिहिलेत?"

ज्या दिवशी दूध नको असतं तो खाडा आम्ही कॅलेंडरवर मांडतो. कॅलेंडर माझ्यासमोर खाडीत लोंबत होतं.

"थांबा, बघून सांगते." मी मान वाकडी करून वाचले. "चार. आणि सिलिंडर मागच्या आठवड्यात लावलाय, तेही इथेच आहे."

"इथेच म्हणजे कुठे?"

"चिखलात."

पेपर वर गेल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला.

ऊन उतरलं तसं बोटीखाली काहीतरी कुजबुजायला लागलं. पाणी. बोट एकदा कण्हली, मग दमल्या म्हशीसारखी हळूहळू उठली. कॅलेंडर भिंतीला टेकलं. नेमका तेव्हाच फोन वाजला, आणि या वेळी साहेबच.

"मॅडम, तुम्ही घरी नव्हता."

"घर माझ्याजवळ होतं," मी म्हटलं.

"कुठे होतात?"

सतरा संवादांपैकी एकही आठवला नाही. "रेवदंड्याच्या खाडीत. बोटीवर. ओहोटी लागली."

पलीकडून एक आवाज आला, जो मी ओळखला. नाखव्यांनी पंचा तोंडात कोंबला होता तेव्हा असाच आला होता.

"आजपर्यंत एकाही ट्रेनिंगला मुलं शेवटपर्यंत थांबलेली नाहीत," साहेब म्हणाले. "आज जेवायची वेळ झाली तरी एकही हलला नाही. ते कॅलेंडर पडतंय का हे सगळ्यांना बघायचं होतं. आणि घर पडताना काय विचारायचं, ते आता कुणी विसरणार नाही. तुम्हाला परवानगी आहे. घरून."

मी ओरडणार होते. "पण पत्रात मी एक शब्द वाढवतोय," ते म्हणाले. "राहत्या घरून, मॅडम. राहत्या. वाहत्या नव्हे."

पत्र आलं, त्यात तो शब्द होता. त्या सोमवारपासून मी सहाव्या मजल्यावरच्या आमच्या घरातच आहे. पडदा परत हॉलला लागलाय. पाहुणे आले की हुंगतात आणि आज स्वयंपाकाला काय केलंय विचारतात. दर गुरुवारी मीटिंगच्या सुरुवातीला साहेब म्हणतात, "मॅडम, जरा कॅलेंडर." मी बोटाने ढकलते. ते दोनदा झुलतं आणि सरळ राहतं. साहेब मान डोलावतात. टेबलाखाली माझे पाय मात्र जागच्या जागी रेवदंड्याला निघालेले असतात.

जिंकले म्हणावं की हरले, हे मला कळत नव्हतं. परवा वहिनींचा फोन आला.

"ताई, तुमची चप्पल गावली! भरतीनं आनून टाकली. आन् आता लाईट गुरुवारी असते, लाइनीचं काम मंगळवारी केलंय. बॅटरीबी घेतली, मोटी, वायरवाली. या की चार दिवस राहायला."

मी फोन ठेवला आणि साहेबांचं पत्र पुन्हा उघडलं. राहत्या घरून. राहत्या.

मग मी स्टुलावर चढले. ह्यांनी पेपराच्या वरून बघितलं.

"अगं, कॅलेंडर का काढतेयस?"

"वहिनींनी काय म्हटलं ते ऐकलंत ना? राहायला या."

"बरं," हे म्हणाले आणि पेपर खाली ठेवला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या शेवटच्या उत्तरानंतर आणखी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं. "निदान दुधाचे खाडे तेवढे उतरवून घेऊ दे."